वजनवाली बाय

पार्ल्याच्या त्या आळीत कोणत्या वारी कोणत्या देवाचं काय, हे बघायला कोणी पंचांग काढत नसे. सुनंदाबाई आगाशांच्या कुंपणाशी जाऊन हाक मारली की काम झालं.

"सुनंदाकाकू, उद्याचा उपास संध्याकाळी सोडायचा की परवा सकाळी?"

"उद्या प्रदोष गं. दिवेलागणीला सोड. एकादशी असती तर परवा." तुळशीला पाणी घालता घालता त्या सांगत, आणि विचारणारी निर्धास्त होऊन घरी जाई.

घर कौलारू, बैठं. पुढे तुळस, बाजूला शेवगा, कुंपणावर मायाळूचा वेल, आणि धुण्याच्या दगडामागे अळू माजलेलं. यजमान विद्याधरपंत सकाळी डबा घेऊन फोर्टातल्या कचेरीत जात. घरात मग सुनंदाबाई आणि त्यांचे सासरे अण्णा. अण्णा मास्तरकीतून निवृत्त झाले होते. पण चुका काढायची सवय काही निवृत्त झाली नव्हती.

शेजारी नाडकर्णी. सारस्वतच ते, त्यांच्याकडे मासळीवाली यायची. ती येण्याची वेळ आणि सुनंदाबाईंच्या नैवेद्याची वेळ नेमकी एक. "म्हावरंऽऽय!" अशी खणखणीत हाक आळीच्या तोंडाशी ऐकू आली की सुनंदाबाई उठून स्वयंपाकघराची खिडकी लावून घेत. त्यात राग नव्हता, हेटाळणी नव्हती. देव जेवायचे असतात, वास नको, एवढंच. इतकी वर्षं ती हाक त्यांच्या ओळखीची झाली, पण हाक देणारीचं तोंड काही त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

रेशनचे दिवस नुकतेच सरले होते. दुकानांत धान्य दिसू लागलं होतं, तरी घराघरांत बायका फिकुटलेल्या आणि मुलं किडकिडीत ती किडकिडीतच. अशात एक दिवस महिला मंडळात श्यामकांत नावाचे तरुण डॉक्टर आले. मूळचे वऱ्हाडातले, मुंबईत नवे. म्हणाले, "लोकांना सकस अन्न स्वस्तात मिळावं म्हणून आमचं आरोग्यकेंद्र काहीतरी करू बघतंय. पण आधी लोक खातात काय ते कळायला हवं. विचारून खरं कळत नाही. चुलीशी बसून, शिजायच्या आधी वजन करून बघावं लागतं. त्यासाठी तुमच्यातल्या बायका हव्यात."

मंडळाच्या प्रेमाताईंनी लगेच बोट दाखवलं. "ही सुनंदा. हिच्या हातची आमटी वर्षभर एकाच चवीची असते. मोजमापात हिचा हात चुकायचा नाही."

डॉक्टरांनी एक पथ्य घातलं. ओळखीच्या आळीत कोणी जायचं नाही. "ओळखीचं माणूस चुलीशी बसलं की बायका लाजेकाजेस्तव भलतंच शिजवतात. परक्या वस्तीत जा, म्हणजे खरं दिसेल." पार्ल्याच्या बायका कोणी मरोळला, कोणी अंधेरीला. सुनंदाबाईंच्या वाट्याला आला वेसाव्याचा कोळीवाडा.

घरी अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "वेसाव्याला? तू? अगं, तिथली हवासुद्धा तुला उपासाला चालायची नाही!"

"मी वजन करायला जातेय अण्णा, जेवायला नाही."

"बघ हो. परत येशील तेव्हा शेवग्याखालीच अंघोळ कर."

डॉक्टरांनी दिलेली लहानशी तागडी, वजनांची पेटी आणि तक्त्यांचे कागद पिशवीत घालून, मनातल्या मनात रामरक्षा म्हणत सुनंदाबाई अंधेरीहून बसने वेसाव्याला उतरल्या. खारा वारा, वाळत घातलेली जाळी, बांबूंवर ओळीने टांगलेले बोंबील. त्यांनी पदर नाकाला लावला, आणि हे बरं दिसत नाही असं वाटून लगेच काढलाही.

पहिलंच घर निघालं सखुबाईचं. दारात उभी असलेली ती उंच, काळीसावळी, नाकात ठसठशीत नथ घातलेली बाई "कोन पायजे?" म्हणाली मात्र, सुनंदाबाईंनी चमकून वर पाहिलं. हाच तो आवाज! नाडकर्ण्यांच्या दारचा! सखुबाईने त्यांच्याकडे जरा निरखून पाहिलं, पण ओळख दाखवली नाही. सुनंदाबाईंनी मनात म्हटलं, देवाची कृपा, हिने मला कुठे पाहिलंय?

सखुबाईची सून जया आठव्या महिन्यात होती. तिचं पहिलं बाळंतपण वाईट गेलं होतं. मूल हाती लागलं नव्हतं. नवरा चंदू होडीवर. नर्सबाईंनी ह्या खेपेला बजावून ठेवलं होतं, पोरीच्या अंगात रक्त नाही, भरपूर खायला घाला, नाहीतर पुन्हा तेच. सुनंदाबाईंना हे पहिल्याच दिवशी कळलं, आणि जयाच्या पांढुरक्या ओठांकडे बघून त्यांचा जीव कळवळला. तागडी लावता लावता त्या म्हणाल्या, "काय गं, आज काय शिजणार?"

"वरनभात," जया खाली बघत म्हणाली.

"मासळी नाही?"

सखुबाई आतून म्हणाली, "आज सोमवार ना बाय! म्हादेवाचा."

सुनंदाबाईंना बरं वाटलं. सोमवार पाळतात म्हणजे काय! तांदूळ जोखले, डाळ जोखली, तक्त्यात मांडलं.

मंगळवारी पुन्हा वरणभात. "आज एकवीरा आईचा वार, बाय." बुधवारी सखुबाई जराशी अडखळली, नथ चाचपली, आणि म्हणाली, "बुधवार... बुधवार पांडुरंगाचा!"

"खरंच की!" सुनंदाबाईंना उचंबळून आलं. "आमच्या आळीत अर्ध्या बायकांना हे ठाऊक नसतं हो!"

गुरुवार दत्ताचा. शुक्रवार देवीचा. शनिवारी मारुती. रविवारी त्या वाटेतच मनाशी म्हणाल्या, आज काही ह्यांना वार सापडायचा नाही. तर सखुबाईने कपाळाला हात लावून खंडेरायाचं नाव घेतलं. शेजारच्या घरांतही तेच. सगळ्या आळीत चुलीवर वरणाचं पातेलं, आणि बाया कशा गप्प, सोवळ्यातल्यासारख्या.

रात्री जेवताना सुनंदाबाई विद्याधरपंतांना सांगत होत्या, "आपण नुसते नावाचे देवभक्त. ती माणसं बघा! दारात मासळीचा ढीग, आणि सातही वार देवाचे."

अण्णांना ताकाचा ठसका लागला. "वेसाव्याचे कोळी बुधवारी मासळी खात नाहीत?"

"पांडुरंगाचा वार पाळतात, अण्णा."

"मग ती शेजारी नाडकर्ण्यांकडे बुधवारी टोपली घेऊन येते ती काय बत्ताशांची?"

"विकायचं वेगळं, खायचं वेगळं," सुनंदाबाई ठासून म्हणाल्या. देवाधर्मात अण्णांचं त्या ऐकत नसत.

डॉक्टर वऱ्हाडातले. समुद्राकाठचं माणूस काय खातं ह्याची त्यांना काय कल्पना! तक्ते बघून म्हणाले, "म्हणजे वेसाव्यात डाळतांदळावरच भागतंय. मग तिथे स्वस्त डाळीचं दुकान काढायचं. तसं वरती कळवतो." पडताळ्यासाठी लगोलग दुसरी फेरी तेवढी करायची राहिली होती.

दुसऱ्या फेरीच्या वेळी सुनंदाबाईंच्या लक्षात आलं, जया आणखी उतरली आहे. ताटातला भात चिवडायची आणि सारून ठेवायची. "वांती होते का गं?" तर नाही म्हणायची. सुनंदाबाईंवर मात्र तिचा जीव. त्या आल्या की पाट मांडायची, तागडी पुसून द्यायची, "काकू, पार्ल्यात बोरं आली का?" असं काहीबाही विचारायची.

त्या दिवशी जया पाट आणायला उठली, खांबाला धरलं, आणि हळूहळू खालीच बसली. डोळे मिटले. सुनंदाबाईंनी तागडी टाकली, धावत जाऊन तिचं डोकं मांडीवर घेतलं, तोंडावर पाणी मारलं. हात बघितला तर नखं पांढरीफटक. नाहीतर पुन्हा तेच, हे नर्सबाईंचं बोलणं तेवढं कानात वाजत राहिलं.

जयाने डोळे उघडले. कोणाच्या मांडीवर आहोत ते बघून ओशाळली.

"काकू, एक विचारू? रागवायचं नाय."

"विचार गं बाळा."

"तुमचा ह्यो सर्वे कवा सरंल?"

"का गं? माझा कंटाळा आला?"

"तसं नाय. मना कालवन खायाचं हाय." आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "वरन मना गिलवतच नाय."

"मग खाल्लं का नाहीस? वार पाळणं पोटुशीला माफ असतं, वेडे!"

"वार कसला काकू! तुमाला वास सोसत नाय म्हनून आख्ख्या आलीनं म्हावरं बंद केलंय."

सुनंदाबाईंनी मान वर केली. दाराशी सखुबाई उभी होती, रिकामी टोपली कमरेवर, नुकतीच पार्ल्याहून आलेली.

"सखुबाई, हे खरं?"

सखुबाईने टोपली खाली ठेवली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "बाय, नाडकर्न्यांच्या शेजारची खिडकी लावनारी तुमीच ना? मी तुमाला तुलशीपाशी बगितलंय. माजी हाक आली की दोन गोरे हात येतात न् खिडकी लागते. पयल्याच दिवशी वलखली मी. म्हटलं, एवडी सोवल्याची बाय, आमच्या चुलीपाशी बसनार, न् आमी तिच्या नाकाखाली बोंबील शिजवायचे? पावनी हाय ती. आलीत सांगितलं, ही वजनवाली बाय जाईपर्यंत वरनभात."

"आणि ते सगळे वार?"

"आता वार तरी किती आनायचे, बाय? रविवारी माजी वाटच लागली व्हती! तुमीच मान डोलवायच्या म्हनून निभावलं."

दुसरी वेळ असती तर सुनंदाबाई हसल्या असत्या. "अहो, पण ही पोर! हिला तरी खायला घालायचं!"

"मागल्या दारी जवला देत व्हती मी. खाईल तर ना! म्हनते, काकू येतील, तोंडाला वास येईल, त्या जवल बसायच्या नाय."

नैवेद्याच्या वेळी देवासाठी लावलेली आपली खिडकी, आणि तिच्यापायी इथे एक पोटुशी पोर उपाशी! देवाने तरी असा नैवेद्य कसा गोड मानून घेतला असता?

त्यांनी पदर खोचला, तागडी उचलली आणि चुलीपाशी बैठक मारली. "आणा मासळी."

"बाय, तुमी घरी जा. मंग शिजवते."

"माझ्यादेखत शिजवायची. मी वजन करणार. कालवण होऊन जयाने खाल्ल्याशिवाय मी इथून हलायची नाही."

"वास येईल हां!"

"येऊ दे. तुमच्या नाकाला आमच्या हिंगाचा येत नाही का?"

सखुबाई खदखदून हसली. ताजे बोंबील आले. सुनंदाबाईंनी डोळे मिटून "श्रीराम जयराम" म्हटलं आणि एक उचलला. गार, बुळबुळीत, जिवंत असल्यासारखा! तो पारड्यात ठेवला तर सटकन घसरून त्यांच्याच मांडीवर. पुन्हा उचलला, पुन्हा घसरला. जमलेल्या बाया तोंडाला पदर लावून हसू लागल्या.

"अगो बाय, शेपटीला धर, शेपटीला!"

"वजनवालीचं वजन करा कोनतरी!"

जयासुद्धा भिंतीला टेकून हसत होती. शेवटी बोंबील जोखले गेले, चिरले गेले, आमसूल पडलं, कालवण उकळलं. जयाने भाताचा पहिला घास घेतला तेव्हा सुनंदाबाई तिच्या शेजारीच बसल्या होत्या, अगदी गुडघ्याला गुडघा लावून. जयाने दुसऱ्यांदा भात मागितला. वास होता तो होताच; पण ती पोर ज्या चवीने जेवत होती ते बघताना त्यांना त्याचं भान राहिलं नाही.

घरी आल्यावर त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, सांजवात लावली, आणि लुगडं सोड्यात भिजत टाकलं. अण्णांनी नाक वर करून हुंगलं, आणि मग वर्तमानपत्र उघडलं. सुनेचा चेहरा त्यांना वाचता येत असे.

दुसऱ्या दिवशी त्या डॉक्टरांपुढे उभ्या राहिल्या. "माझे सगळे तक्ते फाडा. मी चुकीचं मोजलं."

"अहो, मी वरती डाळीचं दुकान कळवून बसलोय!"

"ते त्यांना नकोय. ते वरण माझ्यासाठी शिजत होतं." आणि त्यांनी खिडकीपासून सगळं सांगितलं.

डॉक्टर डोकं खाजवत ऐकत होते. मग हसले. "चूक माझीही आहे. ओळखीच्या घरी जाऊ नका म्हणालो, आणि तुम्हाला नेमकं ओळखीच्या घरी धाडलं. जा, पुन्हा मोजा. दुकानाचं मी बघतो."

ह्या खेपेला वेसाव्याच्या चुली खऱ्या पेटल्या. पापलेट, हलवा, मोठी कोलंबी सगळी बाजारात जात होती. घरात राहत होते बोंबील, जवळा, मांदेली. डॉक्टर म्हणाले, हेही उत्तमच आहे. मग उणं कशाचं? ते सुनंदाबाईंच्या लक्षात आलं. इतक्या चुली पाहिल्या, पण हिरवं पान म्हणून कुठे जोखलंच नाही. रेताड, खारी जमीन. तिथे भाजी येत नाही, आणि भाजीवाला पोचतो तो शेवटी, सुकलेल्या जुड्या घेऊन, आणि भाव मात्र ताज्याचा. डॉक्टर म्हणाले, "रक्त वाढायचं तर त्या मुलीला मासळीबरोबर पालेभाजी हवी, लिंबू हवं. रोज. पण रोज तिथे स्वस्तात नेणार कोण?"

घरी आल्या तर अण्णा कुंपणावरचा मायाळू ओरबाडून खताच्या खड्ड्यात टाकत होते. "काय माजलाय! किती भजी खायची माणसाने!"

सुनंदाबाई त्या खड्ड्याकडे बघत राहिल्या. शेवग्याचा पाला, मायाळू, अळू. सगळ्या पार्ल्यात घरोघरी हेच माजत होतं आणि फेकलं जात होतं. आणि रोज सकाळी वेसाव्याची एक टोपली भरून इथे येत होती आणि रिकामी परत जात होती.

दुसऱ्या दिवशी त्या नेहमीपेक्षा लवकर उठल्या. "म्हावरंऽऽय!" अशी हाक आली तेव्हा खिडकी सताड उघडली आणि दोन गोरे हात बाहेर आले.

"सखुबाई, इकडे या!"

आतून अण्णा ओरडले, "सुनंदा, नैवेद्य!"

"झाला अण्णा. आज पहाटेच आटोपला."

सखुबाई खिडकीखाली येऊन उभी. सुनंदाबाईंनी केळीच्या पानात बांधलेला मायाळू आणि शेवग्याचा पाला पुढे केला. "जयासाठी. रोज न्यायचा."

"टोपलीला वास हाय, बाय."

"असू दे. शेवटी मासळीतच शिजायचा ना?"

सखुबाई विचारात पडली. "मायालूत कोलंबी झकास लागते," ती म्हणाली, आणि टोपली डोक्यावर चढवली.

अण्णा म्हणाले, "आमच्या कुंपणाची मजल वेसाव्यापर्यंत! आता माझ्या अळूलाही पाठवा, त्याने काय पाप केलंय?" आणि दुसऱ्या दिवसापासून अळू तेच कापून ठेवू लागले. मग प्रेमाताईंच्या घरचा पाला आला, नाडकर्ण्यांकडची लिंबं आली. सखुबाईच्या पाठोपाठ तिच्या आळीतल्या इतर मासळीवाल्याही परतीच्या टोपल्या भरून नेऊ लागल्या आणि आपल्या शेजारणींना नाममात्र भावात देऊ लागल्या. डॉक्टरांनी डाळीचं दुकान रद्द करवलं; त्याऐवजी वेसाव्याच्या शाळेच्या ओसरीवर केंद्रातर्फे नाचणी आणि गूळ स्वस्तात मिळू लागला. जयाच्या ओठांवर हळूहळू रंग आला. नर्सबाईंनी नखं दाबून बघितली आणि ह्या खेपेला काही बजावलं नाही, नुसती समाधानाने मान डोलावली.

बाळ सुखरूप झालं. मुलगी. जयाही धडधाकट. बारसं आटोपल्यावर सखुबाई खिडकीशी आली. "बाय, चला. पोरीचं वजन तुमच्याच हातानं."

"अहो, लहान मुलाला जोखतात का? दृष्ट लागेल."

"तुमी तोंडानं बोलू नका म्हंजे झालं."

वेसाव्याला, मोजणीपासून तिथेच राहिलेली तागडी जयाने घासूनपुसून चकचकीत करून ठेवली होती. पारड्यात फडकं घातलं, त्यावर काजळाचं बोट लावलेली पोर ठेवली. मागे बोंबील घसरला होता ते हेच पारडं. सुनंदाबाईंनी दुसऱ्या पारड्यात एक वजन ठेवलं, आणखी एक ठेवलं, पेटीतली सगळी ठेवली. पोरीचं पारडं खालीच. आळीतल्या बाया श्वास रोखून बघत होत्या. आकडा कोणी उच्चारला नाही. वजनं पुरेनात हे बघून सखुबाईने नथीतल्या नथीत हसू दाबलं, आणि जयाने पोरीला उचलून सुनंदाबाईंच्या मांडीवर दिलं.

"आता जेवून जायाचं," सखुबाई म्हणाली.

सुनंदाबाई जरा घुटमळल्या. तेवढ्यात जयाने त्यांच्यापुढे केळीचं पान मांडलं. तांदळाची भाकरी, आणि तांब्याच्या वेगळ्या पातेलीतली मायाळूची भाजी.

"कोलंबी घालायच्या आदी तुमची काडून ठेवली, काकू. भांडं नवं हाय."

सुनंदाबाईंनी पानाभोवती पाणी फिरवलं, हात जोडले आणि आपल्या कुंपणावरच्या मायाळूचा घास घेतला. घरच्यापेक्षा बरी झाली होती. शेजारी सगळ्यांच्या ताटात कोलंबी वाफाळत होती, आणि त्यांनी पदर नाकाशी नेला नाही.

"सखुबाई," त्या म्हणाल्या, "आज बुधवार ना?"

"व्हय बाय. पांडुरंगाचा," सखुबाई कोलंबी सोलत म्हणाली. "पन आमी काय खातो ते त्याला ठावं हाय आता."